पायऱ्यांची वही





या व्याख्यानमालेत साहित्यिक बोलतात, प्राध्यापक बोलतात. होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला मंडळाने बोलावले, हा मी माझा सन्मान समजतो. विषय आहे 'आपली ऐतिहासिक स्थळे, वस्तुसंग्रहालये आणि दिव्यांग पाहुणे'. मी पुरातत्त्वाचा अभ्यासक नाही आणि स्थापत्य अभियंताही नाही. पण गेली पस्तीस-चाळीस वर्षे माणसांचे गुडघे, कंबर, डोळे आणि कान यांच्या तक्रारी ऐकतो आहे. त्या शिदोरीवर चार गोष्टी मांडतो.

सुरुवात एका जुन्या गोष्टीने करू. जैन परंपरेत अनेकांतवाद समजावताना अंध माणसांची आणि हत्तीची गोष्ट सांगतात. सोंड हाताला लागली तो म्हणाला हत्ती अजगरासारखा, पाय लागला तो म्हणाला खांबासारखा, कान लागला तो म्हणाला सुपासारखा. प्रत्येकाचे म्हणणे खरे, पण अपुरे. आपण ही गोष्ट लहानपणापासून ऐकतो आणि त्या माणसांना थोडे हसतोही. पण त्यातली एक बाब आपल्या ध्यानात येत नाही. त्या माणसांना हत्तीजवळ जाऊ दिले होते. हत्तीला हात लावू दिला होता. त्यांचे मत विचारले होते, म्हणून तर गोष्ट झाली. आजच्या वस्तुसंग्रहालयात तीच माणसे गेली असती तर दारातच पाटी असती, 'कृपया हात लावू नये'. मग खांबासारखा नाही, सुपासारखा नाही, त्यांच्या वाट्याला हत्तीच आला नसता. ज्यांना डोळ्यांनी दिसते त्यांच्या मतांची बेरीज करून आपण पूर्ण सत्य कळल्याचे समाधान मानले असते.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख व्यक्ती अपंगत्व असलेल्या म्हणून नोंदल्या गेल्या. त्या वेळी कायद्याने अपंगत्वाचे सातच प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले. शब्दाविषयीही सांगतो. सरकारी कागदांत आता 'दिव्यांग' हा शब्द रुळला आहे. पण काही जणांना तो आवडत नाही. आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला रस्ता द्या, असे ते म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरणार आहे. मुद्दा रस्त्याचा आहे, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

आता रस्त्याकडे वळू. आपल्या बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचण याने ती १२०४ साली बांधवली. आत नेमिनाथांची मूर्ती आणि वर छतात दगडात फुललेले कमळ. आठशे वर्षांचे हे कमळ पाहायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या मानेच्या स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णांपैकी निम्म्यांना ते करता येणार नाही, केले तर चक्कर येईल. व्हीलचेअरवर बसलेल्याची मान तर पाठीच्या टेकूला अडते. यावर उपाय काय? कमळाखाली कमरेच्या उंचीवर एक आरसा ठेवायचा. खाली पाहा, वरचे कमळ दिसेल. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कमळाची हातभर रुंदीची लाकडी प्रतिकृती बाजूला ठेवायची. बोटांनी पाकळ्या मोजता येतील. दगडाला एक खिळासुद्धा ठोकावा लागत नाही आणि खर्च एखाद्या साध्या सत्कार समारंभाच्या हार-तुऱ्यांएवढा.

हे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण हा विषय निघाला की समोरून पहिले वाक्य येते, 'अहो, प्राचीन वास्तूत बदल कसे करणार? सौंदर्य बिघडेल.' ही काळजी खोटी नाही. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करायला कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण त्याच स्मारकांत आपण विजेचे दिवे लावले, लोखंडी कठडे बसवले, तिकीटघर बांधले, डोळस आणि धडधाकट पाहुण्यांसाठी हवे ते सगळे केले. तेव्हा सौंदर्याचा प्रश्न कसाबसा सुटला. उताराची वेळ आली की तो पुन्हा उभा राहतो.

जगात याचे उत्तर शोधले गेले आहे. अथेन्सचा अक्रोपोलिस हा टेकडीवरचा अडीच हजार वर्षांचा वारसा. २००४ साली तिथे पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या, तेव्हा टेकडीच्या कड्याला लिफ्ट बसवली. ती जुनी झाली तेव्हा २०२० साली नवी आली. संवर्धनशास्त्राचा नियम साधा आहे. जे बसवाल ते मूळ दगडाला धक्का न लावता उद्या काढता आले पाहिजे. लाकडी किंवा पोलादी उतार पायऱ्यांवर नुसता टेकवून ठेवता येतो.

असे उतार आपल्याकडेही झाले आहेत. २००१ च्या जानेवारीत शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले होते. त्यांना ऐतिहासिक वास्तू पाहायच्या होत्या. अपंग हक्कांसाठी झगडणारे जावेद अबिदी यांनी पाठपुरावा केला आणि लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि जंतरमंतर या चार ठिकाणी लाकडी उतार टाकले गेले. ते उतार तात्पुरते होते. म्हणजे तंत्र होते, लाकूड होते, सुतार होते आणि पुरातत्त्व खात्याची परवानगीही होती. उणीव एकाच गोष्टीची होती. रोज येणारा साधा माणूस येईल, हे कुणी धरून चालले नव्हते.

माझ्या आजच्या बोलण्याचे सार या वाक्यात आहे. एखादे स्थळ दुर्गम असते तेव्हा ते पाहुण्याला सांगत असते, 'तुम्ही येणार हे आम्ही धरलेच नव्हते.' पायरी एकच असली तरी तिचा अर्थ तोच.

ही भावना आपल्याला, या सीमाभागातल्या मराठी माणसांना, समजावून सांगावी लागत नाही. फलकावर कोणती भाषा असावी हा आपला किती जिव्हाळ्याचा आणि किती दुखरा विषय आहे! आपल्याला वाचता येईल असे एक अक्षरही जिथे नाही अशा पाटीसमोर उभे राहिल्यावर मनात काय होते, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ब्रेल नसलेल्या पाटीसमोर अंध माणूस उभा असतो तेव्हा त्याच्या मनात तेच होते. दृक्श्राव्य कार्यक्रमात खाली अक्षरे नसतात आणि सांकेतिक भाषेत सांगणारे कुणी नसते, तेव्हा कर्णबधिर मुलीच्या मनात तेच होते.

याच्या उलटचे उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींच्या पायाशी चावुंडरायाने मूर्ती करवली असे सांगणारे लेख कोरलेले आहेत. ते कन्नडमध्ये आहेत, तमिळमध्ये आहेत आणि मराठीतही आहेत. मराठीच्या जुन्यात जुन्या कोरीव ओळींत त्यांची गणना होते. आपण त्यांचा अभिमान बाळगतो, पण त्या तिथे का आहेत याचा विचार करतो का? मला वाटते, कोरवून घेणाऱ्याने आधीच धरले होते की दर्शनाला तमिळ बोलणारा येईल, मराठी बोलणाराही येईल. त्याला पायाशी उभे राहिल्यावर कळले पाहिजे. तिथे ब्रेलची एक पट्टी लावणे म्हणजे त्या परंपरेत चौथी लिपी जोडणे.

पण तिथपर्यंत पोचायचे कसे? विंध्यगिरीला खडकात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि त्या चढायच्या अनवाणी. शत्रुंजयाला साडेतीन हजारांच्या आसपास. आमच्या समाजातले ज्येष्ठ यावर म्हणतात, 'डॉक्टर, चढण हीच तपश्चर्या.' मी त्यांचा आदर करतो. पण तप स्वेच्छेने करायचे असते. उपवास करणाऱ्याच्या समोर अन्न असते आणि तो ते सोडतो, म्हणून ते तप. ज्याला अन्नच मिळत नाही त्याला आपण तपस्वी म्हणत नाही, उपाशी म्हणतो. ज्याला चढता येते त्याने जरूर चढावे. ज्याला येत नाही त्याच्यावर लादलेली चढण हे तप नसून अंतराय आहे. आणि दुसऱ्याच्या दर्शनात अंतराय आणणे आपल्या शास्त्रात कशात जमा होते, हे इथल्या श्रावकांना मी सांगायला नको.

आता डोलीविषयी. श्रवणबेळगोळ, अजिंठा, घारापुरी, सगळीकडे डोली किंवा खुर्ची मिळते. चार माणसे उचलून नेतात. डोलीवाल्यांचे पोट त्यावर चालते आणि अखंड खडकाच्या डोंगरावर दुसरा मार्ग काढणे अवघडही आहे. म्हणून डोलीला मी नावे ठेवणार नाही. पण डोलीत बसणाऱ्यांकडून मी जे ऐकले आहे ते सांगतो. उतरताना पुढे झुकलेल्या खुर्चीत भीती वाटते. दराची घासाघीस आपल्या वजनावरून चारचौघांत होते. आणि आपल्याला हवे तिथे थांबता येत नाही, उचलणारे थांबतील तिथेच थांबायचे. तेव्हा डोली असावी, पण तिला कमरेचा पट्टा असावा, पायांना टेकू असावा, दरपत्रक लावलेले असावे आणि उचलणाऱ्यांना योग्य मोबदला व प्रशिक्षण मिळावे. जिथे शक्य आहे तिथे डोलीच्या पुढे जावे. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. महाराजांच्या समाधीपुढे नतमस्तक होण्यासाठी आज गुडघे बदललेली आजीही जाऊ शकते. तिथे पायऱ्या चढणाऱ्यांची भक्ती त्यामुळे कमी झाली असे दिसत नाही.

अपंगत्व म्हणजे फक्त व्हीलचेअर, हाही एक समज आहे. विजापूरचा गोलघुमट घ्या. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. वरच्या सज्जात जायला कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने चढावे लागते आणि मग एका बाजूची कुजबुज पलीकडे ऐकू येते. अंध माणसाला जिना अडवत नाही. सोबत कुणी असले आणि कठडा असला तर तो चढतो आणि तिथल्या आवाजाचा अनुभव कदाचित आपल्यापेक्षा बारकाईने घेतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला तोच जिना भिंत आहे. कर्णबधिर माणूस वर चढतो, पण कुजबुज त्याच्यासाठी नाही. त्याला ती कशी होते हे चित्रांतून आणि सांकेतिक भाषेतल्या छोट्या चित्रफितीतून सांगावे लागेल. आणि स्वमग्न मुलाला तिथला आरडाओरडा सहन होणार नाही. त्याच्यासाठी सकाळचा एखादा तास शांततेचा ठेवावा लागेल. वास्तू एकच, पण प्रत्येकाची अडचण वेगळी. हत्तीच्या गोष्टीसारखीच.

'हात लावू नये' ही पाटी उगाच नसते. हाताच्या घामातले क्षार आणि तेल यांनी धातू आणि दगड हळूहळू खराब होतात. म्हणून मूळ वस्तू जपायची आणि हुबेहूब प्रतिकृती हातात द्यायची. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली 'अनुभव' नावाचे असे दालन सुरू केले. तिथे निवडक वस्तूंच्या प्रतिकृती हाताने पाहता येतात. आपल्याकडे तर शिलालेख आहेत आणि शिलालेख हा मुळात खोदलेला असतो. पुराभिलेखतज्ज्ञ ओला कागद दगडावर दाबून त्याचा ठसा घेतात. अशा ठशावरून साचा करता येईल, साच्यावरून पाटी. मग अंध विद्यार्थी हजार वर्षांपूर्वीचे मराठी अक्षर बोटाने वाचू शकेल. आपण जे फक्त पाहतो ते त्याच्या स्पर्शाला कळेल.

थोडे कायद्याविषयी. २०१६ च्या अधिनियमाने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायला सांगितले. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात म्हटले की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, किमान गोष्टी सक्तीच्या हव्यात. कायदा आपल्या बाजूने आहे. पण कायदा दार उघडायला लावतो, 'या, बसा' म्हणायला लावू शकत नाही. ते आपणच म्हणावे लागते.

आणि उतार कसा हवा हेही माहीत असावे. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फुटांचा उतार. अनेक ठिकाणी घाईने केलेले उतार एवढे उभे असतात की त्यांवरून व्हीलचेअर नव्हे, मोटारसायकल चढवायची असावी असे वाटते. तो उतार नसून घसरगुंडी आहे. कठड्याशिवाय उतार करू नये. दार जवळजवळ तीन फूट रुंद हवे. खुर्ची वळायला पाच फूट मोकळी जागा हवी. आणि देवळात चाकांमुळे अपवित्रता येते असे वाटत असेल तर देवस्थानाने स्वतःच्या दोन स्वच्छ खुर्च्या आत ठेवाव्यात. आपण पायांतली चप्पल बाहेर काढतो, तशीच बाहेरची खुर्ची बाहेर.

डॉक्टर म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. उताराच्या आधी स्वच्छतागृह. सहलीला, यात्रेला जाताना कितीतरी स्त्रिया आणि वयस्क पुरुष सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण तिथे सोय असेल की नाही ठाऊक नसते. मधुमेही असतात, प्रोस्टेटचा त्रास असतो. उन्हात पाणी न पिता हिंडल्यावर घरी येतात ते मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊनच. ज्या स्थळी कठडा असलेले, आत खुर्ची जाईल असे स्वच्छतागृह आहे, सावलीत बाक आहेत आणि पिण्याचे पाणी आहे, ते स्थळ निम्मे सुगम झालेच.

बंधू-भगिनींनो, हा विषय 'त्यांचा' नाही. माझ्या दवाखान्यात यात्रेला निघालेली माणसे औषध घ्यायला येतात आणि हमखास विचारतात, 'डॉक्टर, तिथे पायऱ्या किती आहेत हो?' ही माणसे कुठल्याही प्रमाणपत्राने अपंग नाहीत. पासष्ट वर्षांची आहेत, एवढेच. आणि आपल्या भागातली कितीतरी वाचनालये, कितीतरी सभागृहे पहिल्या मजल्यावर आहेत. आपले जुने श्रोते व्याख्यानाला येईनासे झाले, ते साहित्यावरचे प्रेम आटले म्हणून नव्हे. वीस पायऱ्यांमुळे. ज्यांनी मराठी शाळांसाठी, मराठी ग्रंथालयांसाठी आयुष्य वेचले, त्यांच्यातले काही जण आज घरी खुर्चीत बसून उद्याच्या वर्तमानपत्रात या व्याख्यानाचा वृत्तांत वाचणार आहेत.

वारकरी परंपरेत कूर्मदासाची कथा आहे. पैठणचा हा भक्त, हातपाय नव्हते. पंढरीच्या ओढीने तो सरपटत निघाला. लऊळ गावापर्यंत आला आणि पुढे एकादशीपर्यंत पोचणे शक्य नाही हे कळल्यावर त्याने वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला. तेव्हा पांडुरंग स्वतः लऊळला त्याच्या भेटीला गेला, अशी श्रद्धा आहे. मी जैन आहे, पण या कथेपुढे हात जोडतो. देवाने असे म्हटले नाही की देऊळ प्राचीन आहे, नियम आहे, तूच ये. ज्याला येता येत नाही त्याच्याकडे तो गेला. वस्तुसंग्रहालयांनाही हे करता येते. प्रतिकृतींची एक पेटी घेऊन अंधशाळेत जाता येते, कर्णबधिर मुलांच्या शाळेत जाता येते.

हे सगळे सरकारने करावे, असे म्हणून मी थांबणार नाही. मंडळापुढे एक लहानसा प्रस्ताव ठेवतो. आपण एक वही करू या. तिला 'पायऱ्यांची वही' म्हणू. बेळगावचा किल्ला, कमल बस्ती, राजहंसगड, हलशीची कदंबकालीन देवळे, देगावचे कमलनारायण मंदिर, कित्तूरचा किल्ला आणि तिथले संग्रहालय. प्रत्येक ठिकाणी दोघे-तिघे जाऊन फक्त मोजून यायचे. वाहन कुठपर्यंत जाते? तिथून किती पावले? पायऱ्या किती, उंची किती, कठडा आहे का? दार किती रुंद? बाक कुठे, पाणी कुठे, स्वच्छतागृह कसे? खुर्ची कुठपर्यंत जाते आणि जिथे थांबते तिथून काय दिसते? मोजणाऱ्यांत एक जण व्हीलचेअर वापरणारा, एक अंध, एक कर्णबधिर असावा. कारण आपण 'सोपे आहे' म्हणतो ते आपल्या पायांनी आणि डोळ्यांनी मोजलेले असते.

ही वही मराठीत छापू आणि कन्नडमध्येही छापू. जागा सर्वांची आहे. एक प्रत ध्वनिमुद्रित करू. आणि पहिल्या पानावर, हरकत नसेल तर, आपल्या मंडळाच्याच सभागृहाच्या पायऱ्या लिहू. ज्याला यायचे आहे त्याला निघण्यापूर्वी खरी माहिती मिळाली, तर निम्मा प्रवास तिथेच होतो. उरलेल्या निम्म्यासाठी पुरातत्त्व खात्याकडे, महापालिकेकडे, देवस्थानांकडे जाताना आपल्या हातात तक्रार नसेल, मोजमाप असेल.

पुढच्या महिन्यातल्या एखाद्या रविवारी किल्ल्यापासून सुरुवात करता येईल. मोजपट्टी मी आणतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर सचिवांकडे नाव नोंदवावे.